पंधरा फुटांवरचा पहारा

जेवणं उरकली असतील, भांडी पालथी घालून झाली असतील, तर घटकाभर बसा. आजचं बोलणं जरा जड आहे. जवळ लहान लेकरं असतील तर त्यांना आधी झोपू द्या.

हा विषय आम्हाला एका ताईंनी दिला. दिवाळीच्या आधी त्यांचा फोन आला. म्हणाल्या, "तुरुंगात तर चोवीस तास पहारा असतो. दाराला कुलूप, बाहेर शिपाई. मग तिथं माणूस जिवाचं बरंवाईट कसं करून घेतो? कुणी बघत नसतं का?" एवढं बोलून त्या गप्प झाल्या. त्यांनी हे का विचारलं ते दुसऱ्या फोनला कळलं. त्यांचा भाचा जिल्ह्याच्या तुरुंगात कच्चा कैदी आहे, जामीन होत नाही, आणि मागच्या भेटीला तो म्हणाला होता, "मावशी, आता नको येत जाऊस."

आम्हाला चटकन उत्तर देता आलं नाही. मग आम्ही चौघीपाचजणी यावर वाचत गेलो. सगळ्यात तपशीलवार उत्तर सापडलं ते फार लांब, अमेरिकेत. तिथं एका कैद्याच्या मृत्यूची सरकारी चौकशी झाली आणि तिचा अहवाल लोकांसमोर ठेवला गेला. त्या रात्री कोण कुठं बसलं होतं, कोणती फेरी झाली, कोणती झाली नाही आणि कागदावर काय लिहिलं गेलं, हे सगळं त्यात आहे. म्हणून आज आपण तिकडं जाऊ.

अमेरिकेत तुरुंग तीन तऱ्हेचे. जिल्ह्याचे वेगळे, राज्याचे वेगळे आणि केंद्र सरकारचे वेगळे. केंद्राचे तुरुंग 'ब्युरो ऑफ प्रिझन्स' नावाचं खातं चालवतं. हे खातं 1930 साली निघालं. आज त्यांच्याकडं सुमारे दीड लाख कैदी आहेत. न्यूयॉर्क शहरात, कोर्टाच्या शेजारी, या खात्याचा एक बारा मजली तुरुंग होता. 1975 साली सुरू झालेला. नाव मेट्रोपॉलिटन करेक्शनल सेंटर. खटला चालू असलेली माणसं तिथं ठेवत, म्हणजे आपल्याकडचे कच्चे कैदी म्हणा.

2019 च्या जुलै महिन्यात जेफ्री एपस्टीन नावाचा एक बडा श्रीमंत माणूस तिथं आणला गेला. अल्पवयीन मुलींच्या लैंगिक शोषणाचा आरोप त्याच्यावर होता. नाव तुमच्यापैकी काहींनी बातम्यांत ऐकलं असेल. 10 ऑगस्टच्या सकाळी तो कोठडीत मेलेला सापडला.

आता तुम्ही म्हणाल, असल्या माणसाबद्दल कशाला हळहळायचं? आमच्या बैठकीतही एकजण ताडकन हेच म्हणाली, "मेला तर मेला, पृथ्वीवरचा भार गेला." आम्ही तिला लगेच खोडून काढलं नाही. पण पुढं काय झालं ते बघा. आरोपी मेला की खटला संपतो. ज्या मुलींनी, आता त्या मोठ्या बायका झाल्या होत्या, वर्षानुवर्षं वाट पाहिली, त्यांना त्याच्यासमोर उभं राहून साक्ष देता आली नाही. न्यायाधीश रिचर्ड बर्मन यांनी खटला बंद करण्याआधी ऑगस्टच्या शेवटी त्या बायकांना कोर्टात बोलायला बोलावलं. वीसहून जास्त जणींचं म्हणणं त्या दिवशी कोर्टापुढं आलं, कुणी स्वतः उभी राहून बोलली, कुणाचं वकिलानं मांडलं. आरोपीची खुर्ची रिकामी होती. त्यांच्यापैकी कित्येकींचा राग याच गोष्टीचा होता, की हा माणूस हिशेब न देता निघून गेला. कैद्याचा जीव सांभाळणं हे कैद्यावर केलेले उपकार नसतात हो. त्याच्या दारात न्याय मागणारी दुसरी माणसं उभी असतात. आणि त्याच तुरुंगात शेजारच्या कोठडीत एखादा निर्दोषही बसलेला असतो.

झालं कसं, ते आता सांगतो. 23 जुलैला हा माणूस कोठडीत जखमी अवस्थेत सापडला होता. म्हणजे इशारा मिळाला होता. त्याला लगेच खास देखरेखीत ठेवलं. ही देखरेख कशी असते ते पुढं सांगू, कारण या सगळ्या गोष्टीत आम्हाला सर्वांत शिकण्यासारखं तेच वाटलं. काही दिवसांनी, 30 जुलैला, त्याला तिथून काढून बंदिस्त बराकीतल्या कोठडीत नेलं. नेताना मानसोपचार विभागानं एक अट घातली: याला एकटं ठेवायचं नाही, कोठडीत सोबती हवा. हा निरोप ईमेलनं सत्तरहून जास्त कर्मचाऱ्यांना गेला. सोबती मिळालाही. पण 9 ऑगस्टला सकाळी त्या सोबत्याला दुसरीकडं हलवलं. त्याच्या जागी दुसरा सोबती कुणी दिला नाही. सत्तर जणांना माहीत असलेलं काम कुणा एकाचं राहिलं नाही. गावातल्या कार्याला आपण बघतोच की, सगळ्यांनी आणायचं ठरलेलं दही कुणीच आणत नाही.

रात्र झाली. त्या बराकीचा नियम असा की दर अर्ध्या तासानं शिपायानं फेरी मारून प्रत्येक कोठडीत डोकावायचं. त्याशिवाय रात्री दहाला, बाराला, तीनला आणि पाचला गिनती करायची. गिनती म्हणजे नुसतं डोकी मोजणं नव्हे, हाडामांसाचं जिवंत माणूस दिसलं पाहिजे. मध्यरात्रीनंतर तिथं दोन कर्मचारी होते, एक बाई आणि एक पुरुष. त्यांचं टेबल त्या कोठडीपासून साधारण पंधरा फुटांवर. आपल्या ओसरीपासून गोठ्यापर्यंत असेल तेवढं. फेऱ्या झाल्या नाहीत. गिनत्या झाल्या नाहीत. दोघं काही वेळ कॉम्प्युटरवर विक्रीचं सामान बघत होते आणि साधारण दोन तास झोपल्यासारखे बसून होते. सकाळी साडेसहाच्या सुमाराला नाश्ता द्यायला गेले तेव्हा दार उघडलं गेलं.

आणि कागद? कागद पूर्ण होते. सगळ्या गिनत्या झाल्या, सगळे कैदी जागेवर, खाली सह्या.

खरं सांगायचं तर हे वाचताना आम्ही एकमेकींकडं बघायचं टाळलं. काही वर्षांपूर्वी आमच्याच गटाची तपासणी होणार होती. तीन महिने बैठक झाली नव्हती, सुगीचे दिवस होते. तपासणीच्या आदल्या रात्री बसून आम्ही तिन्ही बैठकांचं इतिवृत्त एका दमात लिहिलं. एकजण तर वेगवेगळ्या शाईचे पेन घेऊन आली होती, म्हणजे वेगवेगळ्या दिवशी लिहिल्यासारखं दिसावं. तपासणी छान झाली, शेरा चांगला मिळाला. पण त्याच तीन महिन्यांत आमच्या एका सदस्येच्या नवऱ्याचं दुखणं वाढलं होतं, तिनं बाहेरून चढ्या व्याजानं पैसे उचलले होते. आम्हाला कळलं तेव्हा तिच्या दोन्ही शेळ्या विकून झाल्या होत्या. आमच्या वहीत मात्र तिची तीनही महिन्यांची हजेरी होती. म्हणून त्या दोघा पहारेकऱ्यांना शिव्या द्यायला आमची जीभ पटकन उचलली नाही.

त्या दोघांवर खोटी नोंद केल्याचा खटला झाला. 2021 मध्ये त्यांनी नोंदी खोट्या होत्या हे कबूल केलं, शंभर तास समाजसेवा आणि चौकशीला मदत करायचं मान्य केलं, आणि नंतर खटला मागं घेतला गेला. लोकांना वाटलं, सुटले. पण चौकशी करणाऱ्यांनी त्या दोघांच्या मागं उभी असलेली गोष्टही लिहून ठेवली. दोघंही त्या रात्री जादा पाळीवर होते. त्यातल्या बाईंची पाळी आदल्या दिवशी दुपारी चारला सुरू झाली होती, ती सकाळी आठला संपणार होती. म्हणजे सोळा तास. पुरुषाचं रोजचं काम पहाऱ्याचं नव्हतंच, तो सामानसुमान सांभाळणाऱ्या जागेवर होता. माणसं कमी म्हणून त्यालाही पहाऱ्याला बसवलं होतं. आम्ही यांची चूक झाकत नाही. पंधरा फूट चालून जाणं हे सोळा तासांच्या शेवटीही जमायला हवं होतं. पण बाळंतपणाच्या पाठोपाठ दोन रात्री जागलेल्या आशाताईला विचारा, तिसऱ्या रात्री डोळे उघडे ठेवणं कसं असतं.

त्या रात्रीविषयी जगभर खूप तर्क लढवले गेले. त्याला मारलं, असंही लोक म्हणतात. तुरुंगातले सुमारे निम्मे कॅमेरे रेकॉर्डिंग करत नव्हते, यंत्र आधीच बिघडलं होतं, त्यामुळं संशयाला आणखी जागा मिळाली. न्यूयॉर्कच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ही आत्महत्या ठरवली. अमेरिकेच्या न्याय खात्याचे महानिरीक्षक मायकल होरोविट्झ यांच्या कार्यालयानं 2023 च्या जूनमध्ये जो अहवाल दिला, त्यातही वेगळा पुरावा सापडला नाही असंच आहे. सापडला तो निष्काळजीपणा, खोट्या नोंदी आणि माणसांची जुनी टंचाई. आम्हाला तर वाटतं, कटाच्या गोष्टीत मन जास्त रमतं, कारण कट उघडा पडला की गोष्ट संपते. रिकाम्या पदांची गोष्ट संपत नाही.

ही पदं रिकामी कशी राहिली? 2017 साली तिथं नवं सरकार आलं आणि केंद्राच्या नोकरभरतीवर काही काळ बंदी आली. पुढच्या वर्षात तुरुंग खात्यातली हजारो रिकामी पदं कागदावरूनच काढायचं ठरलं. पद काढलं की टंचाई दिसेनाशी होते, काम मात्र तेवढंच राहतं. मग उरलेल्यांना सक्तीची जादा पाळी. त्यानंही भागेना तेव्हा तुरुंगातली शिक्षिका, नर्स, स्वयंपाकी, नळदुरुस्तीवाला, कार्यालयातली कारकून, यांना किल्ल्यांचा जुडगा देऊन पहाऱ्याला उभं करायचं. तिथं याला रीतसर नाव आहे आणि ते वर्षानुवर्षं चाललंय. त्या दिवशी कैद्यांचा वर्ग बंद. दवाखान्यात नंबर लागलेला कैदी परत बराकीत. आपल्याकडं गुरुजी निवडणुकीच्या आणि जनगणनेच्या कामाला गेले की शाळेचं काय होतं, तसंच.

बायकांच्या तुरुंगातही हेच. मिनेसोटा राज्यात वसेका नावाचं गाव आहे, तिथं केंद्राचा बायकांचा तुरुंग आहे. गंमत म्हणजे ही जागा आधी विद्यापीठाचं शेतकी कॉलेज होती. जिथं पोरं मातीची परीक्षा करायला शिकत, तिथं 1990 च्या दशकात तुरुंग झाला आणि 2008 पासून तो बायकांचा आहे. 2023 मध्ये तपासणी पथक तिथं न सांगता जाऊन थडकलं. गळक्या पाइपांखाली तळघरात बायकांच्या खाटा मांडलेल्या दिसल्या. पहाऱ्याला माणसं कमी म्हणून दुसऱ्या विभागांची माणसं ओढलेली, आणि त्यामुळं त्या विभागांची कामं अडलेली, आरोग्याचीसुद्धा.

माणसं कमी पडली की तुरुंग आणखी एक गोष्ट करतो. सगळी दारं बंद. दिवसदिवस कुणी कोठडीबाहेर यायचं नाही. अंघोळ नाही, अंगणात फिरणं नाही, घरी फोन नाही, भेट नाही. म्हणजे जो माणूस आधीच खचलेला आहे त्याच्या हातून तीच गोष्ट काढून घेतली जाते जिच्यावर तो तग धरून असतो.

आता ती खास देखरेख. तिथल्या नियमात ती अशी आहे. एखादा कैदी जिवाला धोका करील असं वाटलं की त्याला वेगळ्या खोलीत ठेवतात, जिथून तो सतत दिसेल. बाहेर कुणीतरी अखंड बसून राहतं. बसणारा कर्मचारी असतो, किंवा, ऐकून नवल वाटेल, दुसरा एक कैदी असतो. निवडलेला, शिकवून तयार केलेला कैदी. मानसोपचारतज्ज्ञ त्यांना निवडतात, शिकवतात, त्या कामाचे पैसेही मिळतात. काचेच्या या बाजूला एक खुर्ची, हातात वही. दर पंधरा मिनिटांनी लिहायचं: बसला आहे, फेऱ्या मारतो आहे, रडतो आहे, पाणी मागितलं, झोपला पण कूस बदलतो आहे. काही बिघडतंय वाटलं की लगेच शिपायाला हाक मारायची. आतला बोलला तर बोलायचं. देखरेख कधी उठवायची हे मात्र मानसोपचारतज्ज्ञानंच ठरवायचं, तेही त्या माणसाला समोरासमोर भेटून.

यात आम्हाला एक नियम वाचून थांबावं लागलं. असा सोबती कैदी साधारण चार तास बसतो. चोवीस तासांत एकाच पाळीला, आणि पाच तासांहून जास्त वेळ त्याला सहसा बसवू नये, असं त्यांच्याच पुस्तकात लिहिलं आहे. कारण उघड आहे. दुसऱ्याच्या जिवाकडं टक लावून बसणं फार थकवतं, नजर बोथट होते. म्हणजे खात्याला हे पक्कं माहीत होतं. कैद्याला पाच तास. आणि ज्या बाईंच्या हातात त्या रात्री आख्ख्या बराकीच्या किल्ल्या होत्या, त्यांना सोळा.

या कैद्यांच्या वहीबद्दल आम्ही खूप वेळ बोललो. खोटं लिहिणं तिथंही शक्य आहे. पण काचेपलीकडच्या माणसाकडं बघत, त्याच्या अंगावरची कूस कधी बदलली ते लिहिणं आणि टेबलाशी बसून "सर्व ठीक" अशी एकाखाली एक सही करणं, यात फरक आहे. पहिल्यात बघितल्याशिवाय लिहायला काही सुचतच नाही. आमच्या गटाची वही त्यानंतर आम्ही बदलली. "सर्व सदस्य हजर, चर्चा झाली" असं लिहायचं सोडलं. आता प्रत्येकीच्या नावापुढं ती त्या दिवशी काय म्हणाली ते एका ओळीत लिहितो. वेळ लागतो, काहीजणी कुरकुरतात. पण न भेटता ते लिहिताच येत नाही.

2024 च्या फेब्रुवारीत त्याच महानिरीक्षकांनी आणखी एक अहवाल दिला. 2014 ते 2021 या आठ आर्थिक वर्षांत केंद्राच्या तुरुंगांत आत्महत्या, खून, अपघात अशा कारणांनी 344 कैदी गेले. त्यातल्या 187 आत्महत्या. आणि या 187 मधले अर्ध्याहून जास्त जण कोठडीत एकटे होते. न्यूयॉर्कच्या त्या एका नावामागं ही बाकीची माणसं आहेत, ज्यांच्याबद्दल कुणी तर्क लढवले नाहीत. अहवालात पुन्हा तेच दिसतं: फेऱ्या नीट झाल्या नाहीत, एका विभागाला माहीत असलेलं दुसऱ्याला कळलं नाही, घटना घडल्यावर धावायला उशीर झाला. आग लागल्यावर काय करायचं याची जशी रंगीत तालीम असते, तशी तालीम या प्रसंगांचीही प्रत्येक पाळीत घ्यायचा नियम आहे, पण ती घेतल्याचा पुरावा बऱ्याच तुरुंगांना दाखवता आला नाही.

एपस्टीन गेला त्याच महिन्यात खात्याच्या प्रमुखाला हलवलं आणि कॅथलीन हॉक सॉयर यांना परत बोलावलं. या बाई मुळात मानसशास्त्रज्ञ म्हणून खात्यात लागल्या होत्या आणि 1992 साली खात्याच्या पहिल्या महिला प्रमुख झाल्या होत्या. त्या थोडेच महिने राहिल्या. 2021 मध्ये न्यूयॉर्कचा तो तुरुंग बंद झाला. बंद करणं सोपं असतं. कैदी गेले कुठं? बरेचसे त्याच शहरात ब्रुकलिनच्या केंद्रीय तुरुंगात. आणि तिथं माणसं आणखी कमी. 2024 च्या जानेवारीत जेसी फर्मन नावाच्या न्यायाधीशांनी एका आरोपीला त्या तुरुंगात पाठवायला नकार दिला. मंजूर पदांपैकी जेमतेम अर्ध्याहून थोडी जास्त भरलेली, दारं दिवसदिवस बंद, उपचार वेळेवर नाहीत, अशा जागी मी माणूस पाठवणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा अर्थ. त्याच वर्षी जुलैत तिथं कायदाही झाला, की केंद्राच्या तुरुंगांची बाहेरून तपासणी व्हावी आणि कैद्यांना, घरच्यांना तक्रार घेऊन जाता येईल असा एक स्वतंत्र अधिकारी असावा. कायदा चांगला आहे. त्यानं शिपाई भरले जातील का, हा वेगळा प्रश्न.

आता आपल्याकडं या, कारण ताईंचा भाचा इथल्या तुरुंगात आहे. आपल्या देशात तुरुंगातल्या चार माणसांपैकी तीन कच्चे कैदी आहेत, अजून गुन्हा सिद्ध न झालेले. सर्वोच्च न्यायालयानं तुरुंग सुधारणेसाठी न्यायमूर्ती अमिताव रॉय यांच्या अध्यक्षतेखाली 2018 मध्ये एक समिती नेमली होती. तिच्या अहवालात 2017 ते 2021 या काळात तुरुंगांतले 817 अनैसर्गिक मृत्यू नोंदले आहेत आणि त्यातल्या 660 आत्महत्या आहेत. म्हणजे ताईंचा प्रश्न एका ताईंचा नाही. माणसांची टंचाई, एकटेपणा आणि बंद दारं यांना देश कळत नाही.

ताईंना आम्ही जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो, कारण तुमच्यापैकी कुणाचा ना कुणाचा दीर, भाऊ, पोरगा आत असू शकतो आणि लाजेनं तुम्ही बोलत नसाल. अटकेनंतरचे पहिले दिवस, जामीन नाकारल्याचा दिवस, शिक्षा लागल्याचा दिवस, घरून मरणाची किंवा काडीमोडाची बातमी गेलेली, हे दिवस नाजूक. त्या दिवसांत भेट चुकवू नका. "येऊ नकोस" असं माणूस म्हणाला तर रुसून घरी बसू नका, उलट पुढच्या तारखेला जा. तो आपल्या वस्तू दुसऱ्यांना वाटायला लागला, बोलणं तोडलं, "माझ्यामागं पोरांकडं बघ" असं म्हणायला लागला, तर सरळ विचारा, की जीव नकोसा झालाय का. विचारल्यानं डोक्यात नसलेलं येत नाही. उलट आत कोंडलेलं बाहेर पडायला वाट मिळते.

आणि तिथंच थांबू नका. निघण्याआधी तुरुंग अधीक्षकांच्या नावानं दोन ओळींचा अर्ज द्या: अमुक कैद्याची मनःस्थिती ठीक नाही, त्याला एकटं ठेवू नये, डॉक्टरांना दाखवावं. पोच घ्या. ती पोच जपून ठेवा. तोंडी सांगितलेलं पाळी बदलली की हरवतं, हे आपण सत्तर ईमेलांच्या गोष्टीत बघितलं, कागदसुद्धा हरवतो, पण पोच आपल्याजवळ राहते. तुरुंगातल्या माणसाला सरकारी खर्चानं वकील मिळतो, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जायचं, ते जिल्हा कोर्टाच्या आवारात असतं. कायद्यानं बायकांनाही हा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. दूर राहत असाल तर 15100 या नंबरवर फोन करा. आणि तुमच्या स्वतःच्या किंवा घरातल्या कुणाच्या मनात असे विचार येत असतील तर 14416, टेलिमानस. फुकट आहे, मराठीत बोलता येतं, रात्रीही उचलतात. नंबर पुन्हा सांगतो, लिहून घ्या: एक, चार, चार, एक, सहा.

मुलाखतीच्या खिडकीशी बसलेल्या शिपायाशीही नीट बोला, असं आमच्यातली एकजण म्हणाली. तिचा सख्खा भाऊ तुरुंग शिपाई आहे. तो म्हणतो, कैद्यांच्या घरचे आम्हाला माणसात धरत नाहीत आणि साहेबही धरत नाहीत. रजा मंजूर होत नाही म्हणून त्यानं बापाचा तेरावा चुकवला. असल्या माणसाकडं दुसऱ्याच्या जिवाची राखण आहे, तर "भाऊ, आमच्या पोराकडं जरा लक्ष ठेवा" हे वाक्य त्याच्याशी कुणीतरी बोललेलं बरं. आम्हा सगळ्यांना हे पटलं असं नाही. एकीचा अनुभव फार वाईट होता, ती त्या विषयावर उठूनच गेली.

ताई अर्ज देऊन आल्या. पोच मिळायला तीन तास बसावं लागलं, शेवटची एसटी चुकली, स्टँडवर रात्र काढली. भाच्याला आता चौघांच्या खोलीत ठेवलंय आणि डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्यात. जामीन अजून नाही, पुढची तारीख चोवीसची आहे. ताई दर पंधरवड्याला जातात. मागच्या वेळी त्यानं विचारलं म्हणे, "मावशी, येताना चिवडा आणता येतो का विचार ना." आत बाहेरचं खायला चालत नाही, हे त्यांना माहीत आहे, तरी त्या विचारून आल्या.

पुढच्या बुधवारी याच वेळेला भेटू. तालुक्याच्या विधी सेवा समितीच्या वकीलबाई येणार आहेत, जामिनाच्या अर्जाबद्दल बोलायला. तुमचे प्रश्न आधी कळवा.